तपासणी झाली, पुढे काय? शाळकरी मुलांच्या आरोग्यासाठी घरून करायची कामं

शहरातल्या बऱ्याच खासगी शाळांत तळमजल्यावर एक छोटी खोली असते. आत एक खाट, एक वजनकाटा, औषधांचं कुलूपबंद कपाट आणि एक सिस्टर. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि बहुतेक अनुदानित शाळांत ही खोलीही नसते आणि सिस्टरही नसते. तिथे तिचं काम वाटून दिलेलं आहे. वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं पथक गाडी घेऊन येतं. लस द्यायला उपकेंद्राची नर्सबाई येते. गोळ्या वर्गशिक्षक देतात. घरी निरोप पोचवायला कधी आशाताई असते, कधी कोणीच नसतं.

मी स्वतः सिस्टर आहे, म्हणून आमच्या कामाची मेख सांगते. मलमपट्टी हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग म्हणजे घरची माहिती शाळेत आणणं, शाळेत दिसलेलं घरी कळवणं आणि दोन्हींमधला धागा तुटू न देणं. शाळेत सिस्टर असली तरी पालकांकडून माहिती आली नाही तर तिचे हात बांधलेले. नसली तर हा धागा पालकांनाच धरावा लागतो. तो कसा धरायचा, कामाच्या क्रमाने बघू.

पहिलं काम: जूनमध्ये एक पान लिहून द्या

प्रवेशाच्या फॉर्मवर रक्तगट विचारतात आणि तिथेच आरोग्याचा रकाना संपतो. खरं सांगायचं तर शाळेत रक्तगटाचा उपयोग जवळजवळ शून्य. रक्त द्यायची वेळ आली तर दवाखान्यात गट पुन्हा तपासल्याशिवाय कुणी देत नाही. उपयोगाचं वेगळंच असतं, आणि ते वहीच्या एका पानावर मावतं.

वर मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी आणि वजन. वजन मुद्दाम लिहा, कारण मुलांच्या औषधाचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. खाली दोन मोबाइल नंबर, आणि त्यातला एक तरी दिवसा उचलला जाणारा हवा. वडील ट्रकवर, आई कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवून, असं असेल तर शेजारच्या काकूंचा नंबर द्या आणि त्यांना तसं सांगून ठेवा.

मग मुख्य मजकूर: मुलाला काय आहे, ते सुरू झालं तर कसं दिसतं आणि तेव्हा काय करायचं. ‘दमा आहे’ एवढं लिहून भागत नाही. ‘धूळ उडाली किंवा पळाला की खोकत बसतो, एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नाही, तेव्हा निळा पंप स्पेसर (पंपापुढे जोडायची नळी) लावून द्यावा, पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे’ असं लिहिलं की नवखे शिक्षकही गोंधळत नाहीत. याच पानावर कशाची ॲलर्जी आहे ते. पोषण आहारात शेंगदाणा, सोयाबीन, कधी कधी अंडंही येतं, म्हणून पदार्थाचं नाव स्पष्ट लिहा. एखाद्या इंजेक्शनने किंवा गोळीने पूर्वी त्रास झाला असेल तर त्याचं नाव. रोजची औषधं, डोसासकट. झालेली शस्त्रक्रिया. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया, म्हणजे आईवडिलांकडून येणारे रक्ताचे आजार, असतील तर तेही.

पानाच्या दोन प्रती काढा. एक वर्गशिक्षकांकडे, दुसरी मुख्याध्यापकांकडे किंवा सिस्टरकडे. तिसरा फोटो व्हॅनवाल्या काकांना फक्त फिट, दमा किंवा साखरेचा आजार असेल तरच पाठवा. दिवाळीनंतर एकदा वजन आणि औषधं बदलली का ते पाहून पान नवं करा.

पालक हे पान द्यायला कचरतात, आणि कारण मला समजतं. ‘फिट येते असं कळलं तर मुलीला सहलीला नेणार नाहीत’, ‘लग्नाच्या वेळी निघेल.’ भीती खोटी नाही. म्हणून पानाच्या डोक्यावर एक ओळ लिहा: ही माहिती वर्गात सांगू नये. आणि शिक्षकांना प्रत्यक्ष भेटून तेच बोला. मुख्याध्यापकांच्या टेबलावर बाकीचे लोक बसलेले असताना नव्हे, बाजूला घेऊन.

दुसरं काम: तपासणीच्या चिठ्ठीमागे जा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, आणि तोही आपल्या पालघरमध्ये. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचं काम. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा. पथकात दोन डॉक्टर असतात, एक पुरुष आणि एक स्त्री, आपल्याकडे बहुधा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे. सोबत एक एएनएम, म्हणजे नर्सबाई, आणि एक औषधनिर्माता. ते चार गटांतल्या गोष्टी शोधतात: जन्मतःचे दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर किंवा अपंगत्व. फाटलेला ओठ, तिरळेपणा, हृदयाला छिद्र, रक्तक्षय, वाहणारा कान, किडलेले दात, बोलण्यातला उशीर हे सगळं त्यात आलं. विनाअनुदानित खासगी शाळा या कार्यक्रमात नसतात. त्या पालकांनी आपल्या डॉक्टरांकडून वर्षातून एकदा उंची, वजन, डोळे, दात आणि हिमोग्लोबिन पाहून घ्यावं.

तारीख शाळेला आधी कळलेली असते. त्या दिवशी मुलाला गैरहजर ठेवू नका, आणि जमलं तर स्वतः जा. एका दिवसात शे-दीडशे मुलं बघायची म्हटल्यावर प्रत्येकाला मिनिटं किती मिळणार? तुम्ही समोर उभं राहून ‘खेळताना याचे ओठ निळे पडतात’ असं एक वाक्य बोललात तर डॉक्टर स्टेथोस्कोप दोनदा लावतात. जाता येत नसेल तर तेच वाक्य कागदावर लिहून मुलाच्या हाती द्या.

आता खरी अडचण. तपासणी होते, मुलाला ‘रेफर’ करतात, चिठ्ठी मिळते आणि ती दप्तराच्या तळाशी, कंपासपेटीखाली राहते. पुढच्या वर्षी तेच पथक तेच मूल बघतं आणि तीच चिठ्ठी पुन्हा लिहितं. दोष फक्त पालकांचा नाही. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही, कुठे जायचं ते कळत नाही आणि एक दिवसाची मजुरी बुडते. तरीही एवढं करा.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी मुलाला विचारा: ‘तुला काही कागद दिला का? तुझं नाव वहीत वेगळं लिहिलं का?’ कागद नसला तरी वर्गशिक्षकांना विचारा, कारण रेफर झालेल्या मुलांची यादी शाळेत राहते. मग चिठ्ठीवरच्या तीन गोष्टी त्यांच्याकडून वाचून घ्या: काय आढळलं, कुठे जायचं, कुठल्या वारी जायचं. वार महत्त्वाचा आहे. ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांचे किंवा दातांचे डॉक्टर रोज असतीलच असं नाही, आणि चुकीच्या दिवशी गेलं की फेरी वाया जाते. पथकाचा फोन शाळेकडे असतो. आधी फोन करून निघा.

जाताना चिठ्ठी, मुलाचं आधार, रेशनकार्ड आणि जुने केसपेपर न्या. पथकाचं नाव घेऊन ‘शाळेच्या तपासणीतून आलोय’ असं सांगा. पुढचा उपचार, अगदी शस्त्रक्रियासुद्धा, या कार्यक्रमात मोफत आहे. शिवाय ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार नि:शुल्क आहेत. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत सिव्हिलला, लहान मुलांचं डीईआयसी नावाचं केंद्र असतं. बोलण्यातला उशीर, वाकडं पाऊल, ऐकू न येणं, अभ्यासातली अडचण यांसाठी तिथे थेरपी मिळते. ती एका दिवसात होत नाही, महिनोन्महिने फेऱ्या माराव्या लागतात. हे आधी सांगितलं की लोक अर्ध्यावर सोडत नाहीत. हृदयाची शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयात होणार असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद तो करून देतो.

‘हृदयात आवाज येतो’ असं लिहिलेलं पाहून घरात रडारड होते. लहान मुलांच्या हृदयातले बरेच आवाज निरुपद्रवी असतात. टूडी एको नावाची सोनोग्राफीसारखी तपासणी केली की उलगडा होतो. म्हणून घाबरू नका, पण टाळूही नका. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे आळीपाळीने सुजत असतील तर तो संधिवाताचा ताप असू शकतो. तो हृदयाच्या झडपा खराब करतो. अशा मुलाला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, आणि एकही चुकवायचं नसतं. वर्गशिक्षकांना तारखा देऊन ठेवा म्हणजे हजेरीचा वाद होत नाही.

डोळ्यांबद्दल जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त मुलांचं नुकसान इथे होतं आणि सगळ्यात स्वस्तात भरून निघतं. मूल कधीच ‘मला दिसत नाही’ असं म्हणत नाही. त्याला वाटतं सगळ्यांना फळा असाच दिसतो. ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतं, मान तिरकी करून बघतं, टीव्हीला चिकटतं आणि आपण त्याला आळशी म्हणतो. घरी एक साधी चाचणी करा: एक डोळा तळहाताने झाकून कॅलेंडरवरची तारीख लांबून वाचायला सांगा, मग दुसरा. दोन डोळ्यांत फरक असेल तर लगेच डॉक्टरांकडे. कमजोर डोळा मेंदू हळूहळू वापरायचा सोडून देतो, आणि सात-आठ वर्षांनंतर तो सुधारणं अवघड होत जातं. सरकारी कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळतो. मुलीला चष्मा लावायला नको म्हणणारी आजी प्रत्येक गावात असते. तिच्याशी गोड बोला, पण चष्मा लावा.

कान वाहत असेल तर त्यात गरम तेल घालू नका, कापूस कोंबून शाळेत पाठवू नका, आणि विहिरीत किंवा नदीत डुंबणं काही दिवस बंद. पडद्याला भोक असेल तर शस्त्रक्रियेने बंद होतं. अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याची गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतली की काही उरत नाही.

तिसरं काम: शाळेत मिळणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शन समजून घ्या

आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची गोळी दोन रंगांत येते. पहिली ते पाचवीच्या मुलांना गुलाबी, ४५ मिलिग्रॅम लोहाची. सहावीपासून पुढे निळी, ६० मिलिग्रॅमची. दोन्हींत फॉलिक ॲसिड असतं. ही जेवल्यावर घ्यायची, उपाशीपोटी घेतली तर मळमळतं. चहा आणि गोळी यांत तासभर तरी अंतर ठेवा, चहा लोह शोषू देत नाही. लिंबू किंवा आवळा सोबत चालतो, उलट मदत करतो. शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एवढ्या एका गोष्टीमुळे कितीतरी घरांत ‘त्या गोळ्या नको’ असं ठरतं.

आठवड्याची गोळी रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे, झालेला बरा करायला नाही. ५ ते ११ वर्षांच्या मुलात हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली आणि १२ ते १४ वर्षांत १२ च्या खाली असेल तर रोजचा उपचार लागतो. तो डॉक्टर ठरवतील. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या मुलाला लोह द्यायचं की नाही हेही त्यांना विचारूनच. नंदुरबार, पालघर, गडचिरोली आणि विदर्भातल्या बऱ्याच भागांत सिकलसेलची तपासणी मोफत होते. ती एकदा करून कार्ड जपून ठेवा. सिकलसेलच्या मुलाला थंडीत कुडकुडत ठेवणं, पाणी कमी पडणं, उन्हात दमवणं यातून अंगभर वेदना सुरू होतात. शिक्षकांना हे माहीत असायला हवं, नाहीतर ‘पीटी टाळायची नाटकं’ असा शेरा बसतो.

जंताची गोळी साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मिळते. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चावून खायची, गिळायची नाही. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांसाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा एक दिवस ठेवतात. मुलाला ताप असेल किंवा दुसरं एखादं औषध सुरू असेल तर तसं सांगा, गोळी नंतर घेता येते. पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर थोडं पोट दुखणं किंवा उलटी होऊ शकते. सावलीत पडून राहिलं, पाणी प्यायलं की थांबतं.

इंजेक्शनांचं थोडक्यात: शाळेत जाण्याच्या सुमारास, पाच-सहा वर्षांना, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर. १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. घटसर्प गेला असं समजू नका. गोवर-रुबेलाचे दोन डोस लहानपणी राहिले असतील तर नर्सबाईंना सांगा. मुली नऊ वर्षांच्या पुढे गेल्या की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. ती लवकरच्या वयात घेतलेली चांगली. आणि लसीकरणाचं कार्ड बारसं झालं की हरवतं, त्याचा आजच मोबाइलवर फोटो काढा.

चौथं काम: आज शाळेत पाठवायचं का, हे सकाळी ठरवा

हजेरीचं बक्षीस ही मला न पटणारी प्रथा. त्यापायी तापलेली मुलं पॅरासिटामॉल पाजून वर्गात बसवलेली असतात, औषध उतरतं साडेअकराला आणि मग फोन. नियम सोपा आहे: औषध न देता २४ तास ताप नसेल तेव्हा शाळा. शेवटची उलटी किंवा जुलाब होऊन गेल्यावर निदान एक पूर्ण दिवस घरी, दोन ठेवले तर उत्तम.

पॅरासिटामॉलच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम. बाटलीवर वाचल्याशिवाय ‘एक झाकण’ देऊ नका. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तास. मुलांना ॲस्पिरिन कधीच नाही. पावसाळ्यात डेंगीची शंका असेल तर आयब्युप्रोफेनही नको.

कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. या मुलांना आंघोळ घालायला काही हरकत नाही. कडुनिंबाचा पाला हवा तर ठेवा, पण कोमट पाण्याने अंग स्वच्छ करा, नखं कापा. डोळे आले असतील तर चिकटा आणि पाणी थांबेपर्यंत घरी, आणि मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका.

उवांसाठी मात्र शाळा बुडवायची गरज नाही. उवा उडत नाहीत, डोक्याला डोकं लागून जातात, आणि स्वच्छ केसांतही होतात. एक टक्का परमेथ्रिनचं औषध लावा, सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावा, कारण लिखांवर पहिल्या वेळी पूर्ण परिणाम होत नाही. मधल्या दिवसांत ओल्या केसांतून बारीक फणी फिरवा. रॉकेल नको. टाळू भाजते, आणि चुलीजवळ काय होऊ शकतं ते सांगायला नको.

खरूज वेगळी. रात्री खाज, बोटांच्या बेचक्यात आणि कमरेला पुरळ, आणि घरात दुसऱ्यालाही खाजतंय, म्हणजे खरूजच समजा. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम मानेखाली सगळ्या अंगाला रात्री लावून सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो नसो. इथेच लोक चुकतात आणि खरूज घरात फिरत राहते. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, ती खरूज परत आल्याची खूण नसते. वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत एका मुलाला लावून उपयोग नाही, पूर्ण खोलीला लावावं लागतं. हे अधीक्षकांकडे आग्रहाने मागा.

नायट्यासाठी मेडिकलमधून मिळणारं तीन-चार औषधांचं मिश्र मलम लावू नका. त्यातल्या स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, नायटा आतून पसरतो आणि कातडी पातळ होते. हे सांगून सांगून घसा बसला, तरी दर पावसाळ्यात तेच.

पाचवं काम: ज्या मुलाला दमा, साखर किंवा फिट आहे, त्याच्या शिक्षकांना प्रत्यक्ष करून दाखवा

दम्याच्या पंपाची सवय लागते हा गैरसमज इतका घट्ट आहे की मुलं धापा टाकतात आणि पंप घरच्या कपाटात असतो. सवय लागत नाही. त्रास सुरू झाला की मुलाला सरळ बसवायचं, आडवं नाही. निळा पंप हलवून स्पेसरला लावायचा, एक दाब, चार-पाच श्वास. असे चार दाब, एकेक करून. चार मिनिटं थांबा, आराम नसेल तर पुन्हा चार. ओठ निळसर झाले, बोलता येईना, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या तर थांबू नका, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पंप देत राहा. हे एकदा मधल्या सुट्टीत शिक्षकांसमोर करून दाखवा. वाचून कळत नाही, बघून कळतं.

टाइप वन मधुमेहाच्या मुलाला वर्गात खायची, पाण्याची आणि लघवीला जायची परवानगी हवीच. घाम, थरथर, अचानक चिडचिड, गोंधळल्यासारखं बोलणं म्हणजे साखर कमी झाली असं धरा. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायला द्या, १५ मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा बघा, ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेच. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८. त्याला एकट्याला ‘ऑफिसमध्ये जाऊन बस’ म्हणून पाठवू नका, वाटेत पडतं. सीबीएसईने २०१७ पासून अशा मुलांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या आणि खाऊ नेऊ दिला आहे. शाळा आडमुठेपणा करत असेल तर हे दाखवा आणि डॉक्टरांचं पत्र जोडा.

फिट आली की कांदा, चप्पल, किल्ली हे सगळं बाजूला ठेवा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर किंवा स्वेटर, गळ्याजवळचं बटण सैल करा, आसपासची बाकं सरकवा. दातांत चमचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर १०८. आणि बाकीच्या मुलांना वर्गाबाहेर काढा. जाग आल्यावर भोवती पन्नास डोळे दिसणं ही त्या मुलाची खरी शिक्षा असते.

ॲलर्जीने ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली तर घरी फोन करून वाट बघण्यात वेळ घालवू नका. आधी दवाखाना. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच त्यावरचा उपाय, आणि ते तयार पेनमध्ये आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून शाळेपासून सगळ्यात जवळ ते इंजेक्शन कुठे मिळेल हे आधीच विचारून पानावर लिहा.

मैदानात आणि वाटेत

नाकातून रक्त आलं तर डोकं मागे नाही, पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. मध्ये उघडून बघायचं नाही. पक्का दात मुळासकट निघाला तर वरच्या पांढऱ्या भागाला धरून दुधात ठेवा आणि अर्ध्या-पाऊण तासात दंतवैद्य गाठा, तो पुन्हा बसवता येतो. डोक्याला मार लागून नंतर उलट्या किंवा गुंगी आली तर ‘झोपू दे जरा’ असं नको.

कुत्रा चावला किंवा नुसतं ओरखडलं तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट नको. सरकारी दवाखान्यात लस मोफत आहे, कातडीत दिली जाणारी ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. मूल मार पडेल म्हणून चावल्याचं लपवतं. न रागावता विचारा.

साप चावला तर पाय हलवू न देता, उचलून, गाडीवर मधे बसवून रुग्णालयात. करकचून बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक सगळं टाळा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालणारं औषध एकच आहे, म्हणून साप मारून सोबत न्यायची गरज नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाला चावते आणि खूण दिसतही नाही. आश्रमशाळेत सकाळी मूल पोट दुखतं म्हणालं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, तर तो मण्यारचा दंश असू शकतो. विंचवात घाम, उलटी आणि हातपाय गार पडणं ही धोक्याची खूण. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या गोळीचा वापर दाखवून दिल्यापासून कोकणात कितीतरी मुलं वाचली. ती गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, पण वेळेत पोचावं लागतं.

पाळी, पोटदुखी आणि न बोललेलं

मुलगी दहाची झाली की पाळीबद्दल घरात बोला, आणि दप्तरात एक पिशवी ठेवा: दोन पॅड, एक निकर, जुना कागद. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. शाळेत कचऱ्याचा डबा आणि पाणी आहे का हे पालकसभेत विचारा. बाबांनी विचारलं तर फारच चांगलं. दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल, तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल तर डॉक्टरांकडे न्या. काही सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथे एकट्याने जाऊन बोलता येतं.

दर सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, अशा पोटदुखीची गोळी नसते. आधी लघवी, जंत, बद्धकोष्ठता तपासून घ्या, पण मग विचारा: वर्गात कोणी त्रास देतं का? बाथरूमला जायची भीती वाटते का? कोणी हात लावतं का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर मुलाला धीर द्या, उलटतपासणी घेऊ नका आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) ला फोन करा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे असा प्रकार कळल्यावर पोलिसांना सांगणं शाळेवर आणि आपल्यावरही बंधनकारक आहे. मिटवून टाकायचा सल्ला कितीही मोठ्या माणसाने दिला तरी. मन जड असेल, परीक्षेची धास्ती असेल, ‘जगावंसं वाटत नाही’ असं मूल बोललं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, तुमच्या मोबाइलमध्ये नव्हे.

परदेशातल्या शाळेत नाव घालणार असाल तर

अमेरिकेत गेलेल्या भाच्या-पुतण्यांसाठी हे वेगळं लिहिते. तिथे शाळेची नर्स लसीकरणाचा पुरावा बघितल्याशिवाय वर्गात बसू देत नाही. इथून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून सगळ्या लसींची टाइप केलेली, सहीशिक्क्याची यादी घ्या. तारखा लिहिताना महिना अक्षरात लिहा. आपण ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट लिहितो, तिथे ते आठ मे वाचतात, आणि दोन डोसांतलं अंतर कमी दिसून लस पुन्हा द्यावी लागते. आपल्या मुलांना जन्मतः बीसीजी ही क्षयाविरुद्धची लस दिलेली असते. तिच्यामुळे क्षयाची कातडीवरची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. नर्सला बीसीजीची तारीख दाखवा आणि रक्ताची चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. आणि दप्तरात क्रोसिन किंवा आजीची सितोपलादीची पुडी पाठवू नका. बहुतेक शाळांत साधी गोळीसुद्धा डॉक्टरांची आणि पालकांची सही असलेल्या फॉर्मसोबत, मूळ डबीत, नर्सच्या हातात द्यावी लागते.